मामांनी प्लग उपटला

मामा खोटं बोलत नसत असं नाही. पण या खेपेला ते भाचीशी खोटं बोलले, आणि कंपनी नेमकं काय करते हे ठाऊक असलेली कंपनीतली ती एकमेव व्यक्ती होती.

कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरला सगळे म्हातारा म्हणत, कारण त्याचा पंखा घोरायचा. काम एकच: कंपनीच्या वेबसाइटचं नाव घेऊन कुणी आलं की तिचा पत्ता सांगायचा. आता त्यासाठी दोन नवे सर्व्हर आले होते.

"मामा, आधी रजिस्ट्रारकडे म्हाताऱ्याचं नाव काढून नव्यांची घाला," भाचीने बजावलं होतं. "मग थांबायचं. लोकांच्या मशीनमध्ये जुनी माहिती साठलेली असते. म्हाताऱ्याला कुणी विचारेनासं झालं की मगच बंद. घातलीत ना नावं?"

"घातली की!"

घातली कुठली! जिथून वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, विकत घेतलं त्या रजिस्ट्रारचा पासवर्डच मामा विसरले होते. पण 'विसरलो' म्हणायला जीभ रेटेना. मालक ना! कंपनी बुडाली तरी चालेल, नाक वर पाहिजे.

त्या सकाळी डॉक्टरीणबाई येणार होत्या. त्यांच्या सगळ्या दवाखान्यांच्या वेबसाइटचं काम मिळालं तर कंपनी तगणार, नाहीतर शटर खाली. आणि म्हातारा घोरत होता. भाची पाहुणीला आणायला खाली गेली तसा मामांनी प्लग उपटला आणि म्हाताऱ्याला पॅन्ट्रीच्या कपाटात झाडूंशेजारी कोंबलं. आपल्या संगणकावर वेबसाइट उघडून पाहिली. उघडली!

"उगाच बोंब मारत होती पोरगी," मामा स्वतःशीच म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी बसल्या बसल्या फोन काढला. "तुमची वेबसाइट उघडत नाही हो."

भाचीने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे धुळीचा चौकोन होता.

"मामा, म्हातारा कुठाय?"

"गेला."

"अरेरे! कधी?" डॉक्टरीणबाई हळहळल्या.

भाचीने रजिस्ट्रारची नोंद तपासली. तिथे अजून फक्त म्हाताराच! "तुमच्या संगणकात वेबसाइटचा पत्ता आधीच साठलेला होता. बाईंचा फोन पहिल्यांदा विचारतोय, त्याला रजिस्ट्रारवाले म्हाताऱ्याकडेच धाडतात. घातली म्हणालात ना? मीही गाढव, विश्वास ठेवला!"

"पासवर्ड विसरलो गं."

"मग नवा मागवा!"

मामांनी मागवला. मेल येईना.

"कुठल्या पत्त्यावर मागवलात?"

"आपल्याच... कंपनीच्या."

"म्हणजे मेलवाल्यालाही रस्ता म्हाताराच दाखवणार!"

मामा पॅन्ट्रीत धावले आणि म्हाताऱ्याला उचलून घेऊन आले. केसांना कोळ्याची जाळी चिकटलेल्या अवस्थेत, पाहुणीसमोर टेबलाखाली पालथे पडून त्यांनी प्लग लावला. म्हातारा घोरू लागला. फोनवर वेबसाइट उघडली, थोड्या वेळाने मेलही आली. मामांनी मुकाट्याने नव्यांची नावं घातली, म्हाताऱ्याचं काढलं.

"आता करू बंद?"

"नाही!" दोघी एकदम ओरडल्या.

"मी दवाखाना हलवते तेव्हा जुन्या दारात माणूस बसवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशंट यायचे थांबेपर्यंत. काम तुम्हाला देते. पण हिच्या हातात. तुम्ही प्लगजवळ फिरकायचं नाही."

मामांनी मान डोलावली. जाळी तशीच.

पुढे एकदा भाची म्हणाली, "आता कुणी विचारत नाही त्याला. उपटा."

मामांनी प्लगला हात लावला आणि काढून घेतला.

"तू नीट बघितलंस ना? परत एकदा बघ की गं."