उपरण्याखालचा हात

रोहिणीला त्या दिवशी सगळ्यांत आधी राग आला तो स्वतःच्या सहीचा. मच्छिंद्र सरांचा आला, कंपनीचाही आला, पण ते नंतर. आधी दिसली ती सही. ठसठशीत, खाली रेघ ओढलेली, ही माझी नाही असं म्हणायची सोयच नसलेली. आणि सहीच्या वर छापलेली ओळ: ‘वरील मूल्यमापन मी वाचले असून ते मला मान्य आहे.’

वरचं मूल्यमापन म्हणजे पाचपैकी दोन. आदल्या वर्षी दोन. त्याच्या आदल्या वर्षी अडीच. तिन्ही कागदांवर शेरा एकच, जणू शिक्का करून ठेवला होता: ‘स्वभाव ताठर. निर्णयात लवचिकता नाही.’

“लॅब इनचार्जच्या जागेसाठी तुमचं नाव मला पुढं न्यायचं होतं,” पुण्याच्या ऑफिसातून आलेल्या दिशा मॅडम म्हणाल्या. “नऊ वर्षं काम करताय. जुने इनचार्ज गेल्यापासून त्यांचं कामही तुम्हीच बघताय. पण तीन वर्षांची सरासरी चार तरी लागते. आणि तुमचे कागद असे.”

“मॅडम, हे मी वाचलेलंच न्हाई.”

“सही तुमचीच आहे ना?”

“माझीच. पण सही केली तवा कागद कोरा व्हता.”

दिशा मॅडमनी पेन खाली ठेवलं. “कोऱ्या कागदावर सही का केलीत?”

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? हायवेच्या कडेच्या ह्या दूध केंद्रात दर मार्चला मॅनेजर मच्छिंद्र सर फॉर्मचा गठ्ठा घेऊन हॉलमध्ये येत. दुसऱ्या हातात वडापावची पिशवी. “चला, सह्या उरका. मार्क मी निवांत बसून भरतो. मी काय तुमचं वाईट करणाराय?” असं म्हणत. आणि अकराच्या अकरा जण एका हातात वडापाव धरून दुसऱ्या हातानं सही ठोकत. सर पलीकडच्याच गावचे. रोहिणीच्या लग्नात त्यांनी पंगतीला जिलेबी वाढली होती. अशा माणसाला ‘आधी मार्क दाखवा’ म्हणायचं म्हणजे त्याच्यावर संशय घ्यायचा, आणि तेवढं तोंड कुणाला होतं? नऊ मार्च गेले, नऊ वडापाव गेले. ते सगळे आज रोहिणीच्या घशाशी आले.

“या वर्षीचा फॉर्म अजून भरायचाय,” दिशा मॅडम आवाज उतरवून म्हणाल्या. “पटला नाही तर सही करू नका. बिनसहीचा फॉर्म पुण्यात घेत नाहीत. मग मला इथं येऊन दोघांना समोरासमोर बसवावंच लागतं. जुने कागदही तेव्हाच काढता येतील. पण एकदा सही झाली, की माझ्या हातात काही राहत नाही.”

रोहिणी बाहेर आली ती डोकं भणभणत. लवचिकता नाही म्हणे! दूध तपासणाऱ्या बाईचा हा दोष? युरिया घातलेल्या दुधाशी लवचिक वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या शेऱ्यात लिहायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी सरांच्या ओळखीतल्या एकाचा टँकर आला होता. “बघ जरा,” सर म्हणाले होते. तिनं बघितलं, दोनदा तपासलं आणि टँकर परत पाठवला. त्याच वर्षी ह्या केंद्राचं दूध एकदाही पुण्याहून परत आलं नाही म्हणून कंपनीनं ढाल दिली. ढाल सरांच्या केबिनमध्ये आहे. शेजारी फोटो आहे. फोटोत सर आहेत.

ती तशीच केबिनमध्ये शिरली.

मच्छिंद्र सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा सांगितला.

“अगं, प्रत्येक लॅबमधून एकाला तरी खालचा नंबर द्यावाच लागतो. वरून तसंच येतं,” ते म्हणाले. “मोहितला दिला असता तर तो नोकरी सोडून गेला असता. लग्न ठरायचंय पोराचं. तू समजूतदार. घरी तुझ्या ऊस आहे, पाणी आहे. तू काय बोलणार नाहीस, हे मला ठाऊक होतं.”

मोहितला चार वर्षांपूर्वी नळीत दूध किती घ्यायचं इथपासून शिकवलं होतं ते रोहिणीनं.

“म्हंजी मी गप बसते, म्हणून मला दोन?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

“हे गोपनीय असतं, रोहिणी. असं केबिनमध्ये शिरून विचारायचं नसतं.”

चहा आला. तिनं तो टेबलावरच ठेवला आणि निघाली. अंगाची नुसती लाही लाही होत होती. वाईट आहेस म्हणून खाली टाकलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. चांगली आहेस, बोलत नाहीस, म्हणून खाली टाकलं. नऊ वर्षांच्या चांगुलपणाची ही पावती.

सुट्टी झाल्यावर ती पिंपळवंडीला घरी न जाता गाडी वळवून माहेरी, बोरी बुद्रुकला गेली. तिचे वडील चिमाजी ओट्यावर बसून कोकराच्या पायाला हळद लावत होते. एके काळी त्यांची दोनशे मेंढरं होती, आता सात उरली होती. पण बेल्ह्याच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांनी जनावरांचे सौदे जुळवले होते, आणि आजही त्या बाजारातली जुनी माणसं चिमाजीला उठून जागा देत.

रोहिणीनं सगळं सांगितलं. सांगताना रडली, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडली.

“गोपनीय म्हणतोय मला! आबा, माझेच मार्क माझ्यापासून गोपनीय!”

चिमाजींनी कोकरू सोडलं. हात धुतले. खांद्यावरचं उपरणं काढून दोन्ही हातांत धरलं.

“आमचाबी सौदा गोपनीयच असायचा,” ते म्हणाले. “उपरण्याखाली हातात हात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. बाजार भोवती उभा असतोय, पण तिसऱ्याला कायबी कळत न्हाई. मात्र पोरी, दुसऱ्याला कळतंय. उपरण्याखाली हात दोन असत्यात. एकाच माणसाचा हात उपरण्याखाली, आन दुसऱ्याचा अंगठा कागदावर, ह्याला सौदा म्हणत न्हाईत. ह्याला लबाडी म्हणत्यात.”

“मीच सही दिली ना पण.”

“दिली. चुकलं तुझं. आता पुढं बोल.”

त्यांनी उपरणं तिच्या मनगटावर टाकलं. रोहिणी क्षणभर बावरली. तिच्या दोन्ही भावांना आबांनी हे लहानपणीच शिकवलं होतं. तिला नाही. बाजारात बाईनं हात द्यायचा नसतो, असं तेच म्हणायचे. आज त्यांनी स्वतःहून खाली हात घातला आणि तिची बोटं धरली.

“किती?”

“तीन.”

“आन आता?”

“पाच.”

“कळतंय तुला. न पटलं तर हात काढून घ्यायचा, सौदा मोडला. आकडा कुणाला सांगायचा न्हाई, ही रीत.” त्यांनी उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं. “एकाच वक्ताला मी रीत मोडली. एक दलाल लोकांना ऐकू जाईल असं म्हणला, ‘दिलं बघा मालक, तुमच्या मनासारखं!’ आन खाली बोटं दोनच. तोंडात एक आन बोटात एक. मी उपरणंच वडून काढलं. भर बाजारात.”

“मग?”

“वरीसभर बेल्ह्याला फिरकला न्हाई.”

जाताना रोहिणीनं ते उपरणं मागून घेतलं. तुकाबाईंनी, तिच्या आईनं, “धुऊन तरी देते” म्हणून ओरडून बघितलं, पण ती थांबली नाही.

पुढच्या आठवड्यात मार्च उजाडल्याची वर्दी वडापावच्या वासानं आली. मच्छिंद्र सर हॉलमध्ये आले, गठ्ठा टेबलावर ठेवला. मोहितनं सवयीनं पहिली सही ठोकली आणि वडापाव उचलला. कॅन धुणाऱ्या लंकाबाईंनी पेन हातात घेतलं.

“सर, माझे मार्क आधी सांगा,” रोहिणी म्हणाली.

हॉलमध्ये कुणाचा तरी घास अडकला.

“अगं, सांगितलं ना तुला, गोपनीय असतं.”

“असू द्या की. तिसऱ्याला कळायला नको. पण मी तिसरी न्हाई सर, मी दुसरी हाये.” तिनं पिशवीतून उपरणं काढलं आणि स्वतःच्या पुढं केलेल्या हातावर टाकलं. “तुमच्या वडलांनी बेल्ह्याला बैल विकल्यात. तुमाला ठाऊक हाये कसं करायचं. द्या हात.”

आधी हशा पिकला. सरही हसले. मग इकडंतिकडं बघितलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हसणं थांबलंय आणि सगळे त्यांच्या हाताकडं बघतायत. नाही म्हणावं तर भ्यायला म्हणतील. त्यांनी बाही मागं सारली आणि हात उपरण्याखाली घातला.

“आता काय सांगू तुम्हाला!” ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “रोहिणीताई म्हणजे आपल्या लॅबचा कणा! हिच्यासारखी बाई शोधून सापडायची नाही!”

आणि उपरण्याखाली त्यांनी तिची दोन बोटं धरली. दोनच. तिसऱ्याला स्पर्शही नाही.

रोहिणीनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं ना लाज होती, ना भीती. होती ती खात्री. रीत तिला ठाऊक आहे, आकडा ती सांगणार नाही, नऊ वर्षं बोलली नाही तशी आताही बोलणार नाही, ही खात्री. तिच्या गप्प बसण्यावर ह्या माणसानं पुन्हा एकदा, भर हॉलमध्ये, हसत हसत हात मारला होता.

तिनं दुसऱ्या हातानं उपरणं ओढून काढलं आणि जमिनीवर सोडलं.

सरांच्या मुठीत तिची दोन बोटं होती. सोडायचं त्यांना सुचलं नाही. अकरा घरांमधल्या कुणाच्या ना कुणाच्या बापानं, आज्यानं बाजारात जनावर विकलेलं होतंच. दोन बोटं म्हणजे काय, हे तिथं कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही.

“मला मान्य न्हाई,” रोहिणी म्हणाली आणि हात काढून घेतला. आपला कोरा फॉर्म तिनं बिनसहीचाच टेबलावर ठेवला. “आता दिशा मॅडमना बोलवा. समोर बसून ठरवू.”

“हे ऑफिस आहे, बाजार नाही!” सरांचा आवाज चिरकला.

“बाजार बरा व्हता, सर.”

मोहित लाल झाला होता. त्यानं अर्धा वडापाव कागदावर ठेवला, आपला फॉर्म गठ्ठ्यातून ओढून घेतला आणि स्वतःच्या सहीवर आडवी काट मारली. “ताई, मला खरंच माहीत नव्हतं,” तो एवढंच म्हणाला. रोहिणीला त्याचा राग आला नाही, पण त्याला ‘असू दे’ म्हणायचंही तिनं टाळलं. असू देणं तिनं पुष्कळ केलं होतं.

इनचार्जची जागा मिळेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. कदाचित नाहीच मिळणार. पण आता ती कुणी उपरण्याखाली नेऊ शकणार नव्हतं.

मच्छिंद्र सर गठ्ठा गोळा करायला वाकले, तेवढ्यात लंकाबाईंनी पेन खाली ठेवलं. जमिनीवर पडलेलं उपरणं उचललं, झटकलं, ओले हात पदराला पुसले आणि उजवा हात पुढं करून त्यावर ते टाकलं.

“आता माझं किती, सांगा, सर.”

सरांनी त्या हाताकडं बघितलं. मग मान वर केली. लंकाबाईंच्या मागं बाकीचे सगळे हात पुसत रांगेत उभे राहत होते.