बहीण पंच होती तेव्हा

"आपलं माणूस आत असलं की काम होतं." हे वाक्य आपल्यापैकी कुणी म्हटलेलं नाही? एका घरातही रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, ते म्हटलं गेलं.

थोरला भाऊ फ्रीज दुरुस्त करायचा आणि जीव ओतून स्नूकर खेळायचा. दरवर्षी विभागातल्या पाच गावांत पाच स्पर्धा होत आणि सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या दोघांना विभागाच्या संघात जागा मिळे. सहा वर्षं दादाची जागा थोडक्यात हुकली होती. आता शेवटच्या स्पर्धेतला एकच सामना जिंकायचा होता, आणि नेमके पंच आजारी पडले. पंचाची परीक्षा दिलेली उरली ती एकच, त्याचीच धाकटी बहीण, एरवी एका प्रयोगशाळेत रक्त तपासणारी. समोरचा खेळाडू न्हावी होता. तो म्हणाला, "ताई असतील तर माझी हरकत नाही."

"देव पावला," वहिनी म्हणाली. "जरा सांभाळून घ्या हं, वन्सं."

"टेबलापाशी मी कुणाची वन्सं नाही, वहिनी."

वहिनीला ती थट्टा वाटली.

दुपारी सामना शेवटच्या डावापर्यंत ताणला गेला. टेबलावर गुलाबी आणि काळा, दोनच चेंडू उरले. दादा दोन गुणांनी पुढे होता. गुलाबीवर नेम धरायला तो टेबलावर पार ओणवा झाला आणि त्याची बाही काळ्याला लागली. चेंडू तीळभर हलला. प्रेक्षकांत कुणाच्या लक्षात आलं नाही. दादाने मान वर करून बहिणीकडे पाहिलं. पहिल्या रांगेत त्याच्या दोन्ही मुली बसल्या होत्या.

"फाउल," ती म्हणाली. "काळ्याला बाही लागली. सात गुण समोरच्याला."

पुढच्याच फटक्यात न्हाव्याने गुलाबी चेंडू खिशात घातला. आता उरलेल्या काळ्याचे सात गुणही दादाला पुरणार नव्हते; सामना तिथेच संपला.

आठ दिवस दादा तिच्याशी बोलला नाही. "सख्ख्या बहिणीनंच पाण्यात पाहिलं," तो जेवताना म्हणाला. ती ताटावरून उठू लागली, तशी आईने तिचा हात धरला.

"बस तू. दादा, ऐक. मी इस्पितळात नर्स होते, तेव्हा एकदा भाच्याला रांग मोडून आत घेतलं. त्याला साधा खोकला होता. मागे एक बाई पोटदुखीनं कळवळणारं पोर घेऊन तासभर बसली होती. त्याचं अपेंडिक्स तिथेच फुटलं. पोर वाचलं, पण त्या बाईची नजर मी अजून विसरले नाही. आपल्या माणसासाठी जागा केली की दुसऱ्या कुणाचं तरी माणूस मागे ढकललं जातं, बाबा."

दुसऱ्या दिवशी दादा बहिणीच्या प्रयोगशाळेत गेला. बहीण हातमोजे काढत बाहेर आली.

"बाही लागली ते मला कळलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "तू गप्प बसशील असं वाटलं. बोलायला हवं होतं मी."

तिने डोळे पुसले. "चहा घेतोस?"

पुढच्या वर्षीच्या पहिल्या स्पर्धेआधी कुणीतरी दादाला विचारलं, "बहिणीला पंच केलं तर चालेल का?" तो म्हणाला, "समोरच्याला विचारा. मला चालेल, पण ती मला काही सोडणार नाही."

मंडळी, आपलं माणूस खुर्चीवर बसलं की आपण त्याच्याकडे सवलत मागतो. त्याऐवजी त्याला नीट न्याय करू देऊ या. रांगेत आपल्यामागे उभं असलेलं माणूसही कुणाचं तरी आपलंच असतं.