काटे तुमचे, ठोके माझे

मी मर्ल हॅनिगनच्या स्वयंपाकघरातलं ठोक्यांचं घड्याळ बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, मी बरोबर आहे. लोक या घरात येतात, माझ्याकडे बघतात, मग खिशातला फोन काढून बघतात आणि मर्लला हळुवार आवाजात सांगतात, "तुमचं घड्याळ एक तास पुढे आहे बरं का." मर्ल म्हणते, "माहीत आहे." मग ते एकमेकांकडे बघतात. ते बघणं मला अजिबात आवडत नाही.

आमच्या घरासमोरचा रस्ता ही दोन राज्यांची हद्द आहे. आम्ही अलीकडे, कूलंगट्टात, म्हणजे क्वीन्सलँडमध्ये. रस्त्यापलीकडचा क्लेम ट्वीड हेड्समध्ये, म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये. उन्हाळा आला की त्याचं राज्य घड्याळं तासभर पुढे घेतं आणि आमचं घेत नाही. त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल आमच्या ओट्यावर नऊ वाजलेले असतात तेव्हा क्लेमच्या ओट्यावर दहा. एकतीस डिसेंबरला आम्ही आधी त्याच्याकडे नवीन वर्ष साजरं करतो, मग रस्ता ओलांडून इकडे पुन्हा एकदा. क्लेम दोन्हीकडे गातो आणि दोन्हीकडे तितकाच बेसूर गातो.

मी मात्र उन्हाळाभर पलीकडची वेळ दाखवतो. घर क्वीन्सलँडमध्ये असलं म्हणून काय झालं, मी हॅलोरन टेकडीचा आहे, आणि ती टेकडी पलीकडच्या राज्यात आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. जहाजातून गवतात गुंडाळून आलो, काही वर्षं एका केळ्यांच्या वखारीत धूळ खाल्ली आणि मग हॅलोरन टेकडीवरच्या प्राणी उद्यानाने मला विकत घेतलं. टेकडीच्या पायथ्याशी फाटक, त्याच्या आत कांगारूंचं कुरण, मग मगरींचं तळं. तिथून एकशे बारा पायऱ्या चढलं की उतार कापून केलेले बाक, आणि तिथे रोज अकराला पक्ष्यांचा खेळ. त्या बाकांमागच्या खोलीत मला टांगलं होतं.

पक्ष्यांचा खेळ मर्लचा. एकतीस वर्षं तिने तो केला. मी अकरा ठोके दिले की ती दार उघडायची आणि गव्हर्नर नावाचा काळा काकाकुवा टेकडीच्या माथ्यावरून लोकांच्या डोक्यांना पंख लागतील इतक्या खालून उडत तिच्या हातावर येऊन बसायचा. मर्लने त्याला पिल्लू असताना चमच्याने पेज भरवून वाढवलं होतं. गव्हर्नर दहाव्या ठोक्याला कधी उडाला नाही. हे मी स्वतः बघितलेलं आहे, कोणी खोटं म्हणून दाखवावं.

पुढे खोलीत लाल आकड्यांचं नवं घड्याळ आलं आणि मला कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकलं. त्याच आठवड्यात मर्लही निवृत्त झाली. निरोपाचा केक तिने तसाच टेबलावर ठेवला, पेटीत अर्धी वाकून मला बाहेर काढलं आणि गाडीत घातलं. तेव्हापासून मी इथे, फ्रिजच्या वर. ती अजूनही अकराला चहा घेते आणि माझे ठोके ओठांतल्या ओठांत मोजते.

आता माझी एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माझे ठोके काट्यांना विचारून पडत नाहीत. आत खाचांचं एक चाक आहे. सातनंतर आठ, आठनंतर नऊ, असा त्याचा क्रम ठरलेला. माझे काटे कोणी मागे नेले तर चेहरा एक सांगतो आणि आवाज दुसरंच. म्हणून एप्रिलात पलीकडची वेळ मागे येते तेव्हा मर्ल मला मागे फिरवत नाही. माझा लंबक हाताने थांबवते, तासभर समोर खुर्ची टाकून बसते आणि मग पुन्हा झोका देते. मला मागे नेता येत नाही, नुसतं थांबवता येतं. हे ज्याला माहीत नाही त्याने मला हात लावू नये.

गेल्या डिसेंबरात मर्लची भाची जॅनेल नवऱ्याला घेऊन रॉकहॅम्प्टनहून आली. दिवसभराचा रस्ता कापून आली, हे मान्य करतो. बाई मनाची चांगली आहे. पण आल्या आल्या तिने माझ्याकडे पाहिलं, फोन पाहिला आणि नवऱ्याला, म्हणजे डॅरिलला, कोपराने ढोसलं. तिच्या पिशवीत रॉकहॅम्प्टनच्या एका वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक होतं. ते तिने चहाच्या वेळी ब्रेडच्या डब्याला टेकवून उभं केलं, जणू ते आपोआप तिथे आलं होतं.

"मावशी, एकटीने किती दिवस काढणार?" जॅनेल म्हणाली. "वेळेचंसुद्धा भान राहत नाही आता."

"कुणाला?" मर्लने विचारलं.

जॅनेलने विषय बदलला. त्या आठवड्यात गव्हर्नरचा शेवटचा खेळ होता. त्यालाही निवृत्त करत होते. मर्लला तिथे घेऊन जायचं, एक दिवस छान घालवायचा आणि मग शांतपणे सामान बांधायला घ्यायचं, असा जॅनेलचा बेत होता. बेत म्हणजे लेखी बेत. तिने वहीचा कागद फाडून फ्रिजवर चिकटवला आणि मी वरून तो सबंध वाचला. टोप्या, उन्हाचं मलम, पाण्याच्या बाटल्या, अंड्याचे सँडविच. दहाला निघणे, पावणेअकराला पोचणे. अकराचा खेळ. आणि खाली बारीक अक्षरात, मावशीला फाटकाशी कॅफेत बसवणे, चढ झेपणार नाही.

मर्लने चष्मा लावून कागद वाचला. बारीक अक्षर तिने दोनदा वाचलं.

"दहाला निघालात तर खेळ संपलेला असेल," ती म्हणाली.

"पाऊण तासाचा तर रस्ता आहे. मी बघितलंय ना."

"रस्ता पाऊण तासाचाच आहे. अकरा तिकडचे आहेत."

"हो हो," जॅनेल म्हणाली. हे असं दोनदा हो म्हणणं म्हणजे ऐकलं नाही. डॅरिलने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "अहो मावशी, तुम्ही या म्हाताऱ्याच्या नादी लागलाय. हा केव्हाचा बिघडलाय."

मर्लने पुन्हा समजावलं नाही. तिचा स्वभावच तो. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला तिला कमीपणा वाटतो, आणि या बाबतीत मी पूर्ण तिच्या बाजूचा आहे. तिने ते रंगीत पत्रक उचलून जॅनेलपुढे ठेवलं.

"एक ठरवू. उद्या अकराचा खेळ मी वर टेकडीवर बाकावर बसून बघितला, तर हे पत्रक तू परत घेऊन जायचंस आणि मी इथेच राहणार. नाही बघता आला तर तुझ्याबरोबर येते. कटकट करणार नाही."

जॅनेलने पत्रकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठरलं."

संध्याकाळी मर्ल अंघोळीला गेली. माझे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. जॅनेल खुर्चीवर चढली, माझी काच उघडली आणि मोठा काटा पुरा एक फेरा उलटा फिरवून मला सहा वीसवर आणलं.

"कशाला?" डॅरिलने विचारलं.

"सकाळी तिची धांदल नको व्हायला. काय बाई, कुठल्या जगात जगते." तिला खरंच काळजी वाटत होती. आणि तरीही मी तिला माफ करायला तयार नव्हतो. मला जे वाटलं ते सरळ सांगतो, मला अपमान वाटला. उभ्या आयुष्यात मर्लशी मी कधी खोटं बोललो नव्हतो, आणि आता माझ्याच तोंडाने तिला फसवायचं होतं. तिच्या गुडघ्यांना त्या एकशे बारा पायऱ्यांसाठी अर्धा तास लागतो. एका तासाची फसवणूक झाली तर तिचं घर जाणार होतं.

ती रात्रभर टीव्हीच्या आवाजात नाहीतर झोपेत होती. माझे ठोके कोणी मोजले नाहीत.

सकाळी मर्ल उठली, किटली ठेवली, माझ्याकडे बघितलं. काटे सातला टेकत होते. ती निवांतपणे टोस्टला व्हेजिमाइट फासायला लागली. मग मी वाजलो.

चाक आपल्या क्रमाने फिरलं. सहा. सात. मर्लचे ओठ सवयीने हलत होते. आठ.

तिचा सुरीचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं, खुर्ची ओढली, वर चढून माझ्या काचेचा खटका बघितला. खटका ती नेहमी घट्ट लावते. तो अर्धवट होता.

"अगं जॅनेल," ती हळू आवाजात म्हणाली. रागावली नाही. एवढंच म्हणून खाली उतरली, टोस्ट उभ्या उभ्या खाल्ला आणि जॅनेलच्याच कागदाखाली पेन्सिलीने लिहिलं: मी माझ्या वेळेने निघाले. सँडविच आणायला विसरू नका.

मग टोपी घालून रस्ता ओलांडून दुसऱ्या राज्यात गेली. खिडकीतून मला क्लेमचा आवाज आला. "सकाळी सकाळी पळून चाललीस माझ्याबरोबर? चाळीस वर्षं उशीर झाला, मर्ल."

"तुझा ट्रक चालू होतो का ते आधी बघ," मर्ल म्हणाली.

जॅनेल आणि डॅरिल आठला उठले, म्हणजे काट्यांच्या आठला. चिठ्ठी वाचून जॅनेलच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्यात मी नऊ ठोके दिले. डॅरिलने मोजले, फोन बघितला आणि म्हणाला, "नऊ? आठ वाजलेत. हा म्हातारा कामातून गेलाय." मी त्याला शक्य तितक्या स्पष्टपणे सांगितलं होतं. याहून जास्त एक घड्याळ काय करणार? क्लेमच्या बायकोने समोरून ओरडून सांगितलं की मर्ल ट्रकमधून गेली, तशी जॅनेल शांत झाली. "बसेल फाटकाशी दोन-तीन तास," ती म्हणाली आणि अंडी उकडायला ठेवली. बरोबर दहाला दोघं निघाले. कागदावरच्या सगळ्या वस्तू त्यांनी घेतल्या होत्या, टोप्यांसकट.

पुढचं मी बघितलं नाही. क्लेमने ते संध्याकाळी आमच्या टेबलाशी बसून तीनदा सांगितलं, दर वेळी थोडं वाढवून. मर्ल एकशे बारा पायऱ्या चढली. चार वेळा बसली, पण फाटकावरच्या बॅटरीच्या गाडीत पाय ठेवला नाही. पहिल्या बाकावर टोपी शेजारी ठेवून बसली. अकरा वाजले आणि गव्हर्नर माथ्यावरून निघाला, क्लेमच्या म्हणण्याप्रमाणे थेट मर्लकडे, डोळ्यांत पाणी घेऊन.

"गप रे," मर्ल म्हणाली. "सूर्यफुलाच्या बिया आता खेळ करते त्या पोरीच्या हातात होत्या. तो तिच्याकडेच गेला. अक्कल आहे त्याला." मग म्हणाली, "पण माझ्या डोक्यावरून गेला. केस उडाले माझे."

जॅनेल पोचली तेव्हा लोक पायऱ्या उतरत होते. हद्द ओलांडताना डॅरिलचा फोन एक तास पुढे गेला होता, आणि तो बिघडला असं समजून त्याने तो बंद करून पुन्हा चालू केला होता. फाटकावरच्या बाईने त्यांना सांगितलं, "तुम्ही क्वीन्सलँडचे ना? रोज एक गाडी असते तुमची." जॅनेल धापा टाकत वर आली. मर्लने शेजारच्या जागेवरून टोपी उचलली.

"बस," ती म्हणाली. "एक तास तुझी जागा राखली."

संध्याकाळी जॅनेल माझ्यासमोर उभी राहिली. "मी फिरवले गं काटे. तुझ्या भल्यासाठी."

"काटे फिरवलेस त्याचं मला काही नाही वाटलं," मर्ल म्हणाली. "मी सांगितलं आणि तू ऐकलंच नाहीस, त्याचं फार वाटलं. ब्याऐंशी वर्षांची झाले म्हणजे माझं बोलणं नुसता आवाज झालाय का?"

जॅनेल रडली. मर्लने तिला रडू दिलं आणि मग खुर्चीवर चढवलं. लहान काटा बोटाने एक घर पुढे कसा सरकवायचा ते दाखवलं, म्हणजे तोंड आणि आवाज पुन्हा एक होतात. काम तिने नीट केलं. मी तिला माफ केलं ते तेव्हा, त्याआधी नाही. रंगीत पत्रक ती घेऊन गेली. डॅरिल सँडविचचा डबा विसरला, तो अजून इथेच आहे.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी फोन वाजला. जॅनेलच होती. "मावशी, आज त्याला तासभर थांबवायचं ना? मागे नाही फिरवायचं." मर्ल फोनवर बराच वेळ हसली, मग माझा लंबक थांबवून समोर बसली.

माझ्या काचेला आता तडा आहे, लाकडावर वाळवीने तोंड घातलंय, आणि हिवाळ्यात मी दिवसाला दोन मिनिटं मागे पडतो. ते मी कबूल करतो. पण वेळ कुठली पाळायची ते मी ठरवलेलं आहे आणि मर्लने ठरवलेलं आहे. तुमच्याही घरात कोणी म्हातारं माणूस तुमच्यापेक्षा वेगळी वेळ सांगत असेल, तर खुर्ची ओढण्याआधी खाली बसा आणि त्याचे ठोके मोजा.

आता जरा गप्प राहा. अकरा वाजताहेत, किटली उकळली आहे, आणि मोजणारी बाई समोर बसली आहे.