कोंड्याला विकलेली कडूबाई

माझी सासू कडूबाई नव्वदीच्या पुढं हाय आन अजून शेंगदाणे दातानं फोडून खाती. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडताना ढिगाखाली गाडली गेली, निघाली. नाग चावला, नागाचं पुढं काय झालं ठाऊक न्हाई, पन ही घरी येऊन भाकरी थापाया बसली. करोनात दवाखान्यात डॉक्टरनी हात टेकले. आमी इकडं रडून मोकळं झालो, आन दुसऱ्या सकाळी तिचाच फोन, "मुक्ते, माझी पानाची चंची कुठं ठिवलीस?"

मी मुक्ताबाई, तिची एकुलती सून. लगीन झाल्यापासनं आमी दोघी भांडतोय. मला आई न्हवती, लहानपनीच गेली. भांडायला कुनीतरी आपलं लागतंच की मान्साला.

तर झालं असं. पुण्याची अश्विनी म्हनून एक पोरगी जुन्या लोकांच्या जगल्या-वाचल्याच्या गोष्टी मोबाईलवर घेत गावोगाव फिरत हुती. तिनं म्हातारीला विचारलं, "आजी, इतक्या संकटांतून वाचलात. कशामुळं?"

"यमाकडं माझा पत्ता चुकीचा हाय," म्हातारी म्हनाली.

मंग तिनं सगळं सांगितलं. तिच्या आईची आधीची लेकरं जगली न्हाईत. म्हनून ही जन्मली तशी सुपात घालून उकिरड्यावर ठिवली. शेजारच्या बनुबाईनं उचलली, "ही माझी" म्हनाली, आन बदल्यात आईला सूपभर कोंडा दिला. नाव ठिवलं कडू. आई आपली म्हनत न्हाई, नाव असलं कडूजहर, मंग यम कशाला हात लावतोय? पुढं लग्नाआधी आईनं तेवढाच कोंडा देऊन लेक परत घ्यायची आन कानात गोड नाव सांगायचं, अशी रीत. पन त्याआधीच आई पटकीनं गेली, बापाला काय सुचलं न्हाई. राहिली ती राहिलीच.

"म्हंजी मी अजून बनुबाईचीच," म्हातारी म्हनाली. "यम जातो तिच्या दारात. मी सापडनार कशी?"

अश्विनी हसली आन गेली. पन ते मोबाईलवरनं तिसगावाकडं, म्हातारीच्या माहेरी, पोचलं, आन दोन दिसांत आमच्या दारात टेम्पो. बनुबाईचा नातू काकासाहेब उतरला. हातात सूप, गळ्यात टॉवेल, डोळ्यांत पानी.

"वहिनी, आमच्या आत्याला परत घ्या!"

"ती हितंच हाय की. घरात बसलीय."

"तसं न्हवं. रीतीनं घ्या. आमच्यात एकाबी गड्यानं साठी बघितली न्हाई. आजा, बाप, चुलता, समदे गेले. आता कळलं का ते! यम येतो आत्याला न्यायला. आत्या घरात न्हाई. मंग त्यो रिकाम्या हातानं जाईल व्हय? मला पाडव्याला साठावं लागतंय, वहिनी!"

"तुमच्यात रोज सांजच्याला बाटली कोन आनतं, ते आधी यमाला इचारा," मी म्हनलं.

पन गडी इरेला पेटला हुता. कोंडाबी त्यानंच आनलेला. मी त्याला त्याचाच कोंडा द्यायचा, म्हंजी सौदा झाला.

मी बघितला. "ह्यो गव्हाचा हाय. बनुबाईनं बाजरीचा दिल्ता. न्हाई चालायचा."

गेला, बाजरीचा घेऊन आला.

"आमच्यात उकिरडा न्हाई आता. गोबरगॅस झाला."

गेला, टेम्पोभर शेन आनून माझ्या सारवलेल्या अंगनात वतलं. मुडदा बशिवला मेल्याचा!

आता खरं सांगते. मी असलं काय मानत न्हाई. पन मानत न्हाई म्हनून कुनी मुद्दाम इस्तवात हात घालतं का? मला भ्या वाटत हुतं. म्हातारी परत घेतली आन यमाला पत्ता घावला तर?

तवर म्हातारीच काठी टेकत भाईर आली. "घे की मला, मुक्ते."

"गप बसा, मामी. तुमाला काय कळतंय."

"नव्वद वर्सं लोकाची म्हनून जगले. आईनं नाव ठरवलं हुतं साखरबाई. मरताना मावशीपाशी बोलली. एकदा कानात कुनी म्हनू दे. मंग यम आला तर येऊ दे, च्या पाजू त्याला."

"आन मी भांडू कुनाशी?"

"नवऱ्याशी भांड."

"त्यो उलटून बोलत न्हाई!"

पन ती तशीच उभी राहिली, सुपाकडं बघत. मी पदर खोचला.

म्हातारी सुपात बसली तर सूप मोडंल. शेवटी शेनाच्या ढिगावर प्लास्टिकची खुर्ची ठिवली, तीत म्हातारी, आन सुपात नुसते पाय. काकासाहेब मुंडावळ्या बांधायच्या गोष्टी करत हुता, त्याला म्हनलं लगीन न्हाई हे. मान्सं जमली. आमचे मालक, हनुमंतराव, गोठ्याच्या दारातनं बघत हुते.

"आई कोन व्हनार?" काकासाहेबानं विचारलं.

"मुक्ती व्हईल," म्हातारी म्हनाली.

मी कोंडा त्याच्या टॉवेलात वतला. त्यानं रीतीपरमानं विचारलं, "ही लेक कुनाची?"

"माझी," मी म्हनलं.

मंग वाकले. म्हातारीनं डोळे मिटले, पदर सारून कान पुढं केला. कानाला खोबरेलाचा आन तंबाखूचा वास. काकासाहेब हात जोडून आभाळाकडं बघत हुता. साखरबाई अगदी जिभेवर आलं हुतं. एवढा एक शब्द तर मागितला हुता तिनं.

मी कानात म्हनलं, "धोंडी."

म्हातारीनं डोळे उघडले. "काय म्हनलीस?"

"धोंडी. दगड-धोंडा. वाटंवर पडलेला कुनी उचलून नेत न्हाई."

मला वाटलं, आता काठी पाठीत बसती. पन तिनं काठी खाली ठिवली. 

"भवाने," ती म्हनाली, "आईनंबी असंच केलं हुतं."

पाडव्याला काकासाहेबाला साठावं लागलं. पेढे घेऊन आला हुता, बाटली सोडली म्हनतो. ते शेन अजून माझ्या अंगनातच हाय. आन म्हातारी आता मला मुक्ते म्हनत न्हाई. सकाळी उठली की चुलीपुढनं वरडती, "आये, माझी चंची कुठं ठिवलीस?"