मागच्या सीटवरचं गाणं

गतिरोधक आला तशी मागच्या सीटवरून आईची गुणगुण सुरू झाली. चाकं वर चढून धप्पकन खाली आली, सूर जरा चढला आणि सपाट रस्ता लागल्यावर हळूहळू विरला.

"बघ मावशी," गाडी चालवता चालवता सिस्टर कौतुकाने म्हणाली, "गाडीत बसली की हिला गाणं सुचतं. घरी एक ओळ नाही."

मावशी आईशेजारी बसली होती. तिने थोरल्या बहिणीचा हात हातात घेतला.

सिस्टर म्हणजे हाडांच्या वॉर्डातली जुनी नर्स. गल्लीतही तिला कोणी नावाने हाक मारत नसे. जन्मभर बसच्या रांगेत उभी राहिलेल्या या बाईने पन्नाशीत गाडी घेतली, ती मात्र मिरवण्यासारखी. छोटीशी, लालचुटुक, पण चाकं मोठी, चकचकीत आणि त्यांवर काळ्या फितीसारखे पातळ टायर. विक्रेत्याने आधी साधं मॉडेल दाखवलं तेव्हा तिने नाक मुरडलं होतं. गाडी बसायला कडक होती खरी, पण स्टिअरिंग धरणाऱ्याला त्याचं काय?

पुढे आई न्हाणीघरात घसरली, पाठीचा मणका दबला. दर आठवड्याला तिला व्यायामासाठी हॉस्पिटलात न्यायचं काम त्याच गाडीकडे आलं. पहिल्याच फेरीत आई म्हणाली होती, "जरा सावकाश घेतेस का?"

"आई, ही मोटार आहे, पाळणा नाही," सिस्टर हसून म्हणाली होती.

त्यानंतर आईने तक्रार केली नाही. गायला लागली.

घरी आल्यावर आईला पलंगावर टेकवून दोघी स्वयंपाकघरात आल्या. चहा गाळून झाल्यावर मावशीने विचारलं,

"कधीपासून गाते ही?"

"पडल्यापासून. वॉर्डात मी सगळ्यांना सांगते, आमची आई दुखणं गाण्यात विसरते."

मावशीने कप खाली ठेवला. "अगं, ही कसली गाणारी? शाळेत गाण्याला उभी केली की रडायची. लहानपणी दारात हिचं बोट चेमटलं. आमचे वडील आत झोपलेले, ओरडायची सोय नव्हती. अशीच गुणगुणत बसली होती, मी फुंकर घालत होते. दाढ काढली तेव्हा तेच. तुझ्या वेळेला कळा येत होत्या तेव्हाही तेच. बाहेर बसलेल्यांना वाटलं, बाई मजेत आहे."

सिस्टर ओट्याला टेकली. वॉर्डात पेशंटच्या नुसत्या कपाळावरून तिला कळायचं, कुठे दुखतंय. नव्या मुलींना ती सुनावायची, "आधी चेहरा बघा, बोलणं नंतर ऐका." आणि गाडीत डोळ्यांसमोर आरसा होता. त्यात आईचा चेहरा होता.

"मला का नाही सांगितलं तिने?" ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला आपलं ते पाळण्याचं उत्तर आठवलं. तिचे कान तापले.

"तू एवढ्या हौसेने घेतलीस गं गाडी," मावशी म्हणाली. "तिने ओढून-ताणून का होईना, तुझी हौस सांभाळली."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाण्याआधी सिस्टर टायरवाल्याकडे गेली.

"या रिम काढा. गाडी मऊ करून द्या."

टायरवाला चाकाभोवती फिरला. "अहो सिस्टर, लोक या रिमसाठी माझ्याकडे रांग लावतात."

"मग त्यांना द्या."

"बरं. रिम लहान घालू, टायर जाड. बाहेरून चाक तेवढंच राहील, पण आत हवेला जागा मिळेल. खड्डा आधी टायर खाईल. स्प्रिंग आणि शॉकअप पण साध्या मॉडेलचे बसवतो. हवा मात्र दारावर लिहिलीय तेवढीच भरा, जास्त भरली तर पुन्हा दगड." तो हसला. "वळणावर जरा झुकेल हं. आणि दिसायला एकदम मास्तरीणबाईंची गाडी दिसेल."

"दिसू दे," सिस्टर म्हणाली. "पाठीवर हात ठेवल्यासारखी चालली पाहिजे."

नेहमीच्या दिवशी आई काठी टेकत गाडीपाशी आली आणि थबकली.

"चाकं बदललीस?"

"सर्व्हिसिंगला टाकली होती. त्यांनीच सुचवलं." याहून मोठं खोटं तिला जमलं नाही.

"लाल रंगाला ती चकचकीतच शोभत होती," आई म्हणाली आणि जपून मागे बसली.

गतिरोधक दिसला. आरशात आईचा हात वरच्या कडीकडे गेला. ओठ मिटले, सूर लागला. गाडी वर चढली, अलगद खाली बसली. सूर अर्ध्यातच राहिला. आई अजून दणक्याची वाट बघत होती. तो आलाच नाही, तेव्हा तिने कडी सोडली आणि पाठीमागे दडवलेली टॉवेलची घडी काढून मांडीवर ठेवली.

ती घडी सिस्टरने आजवर पाहिली नव्हती.

हॉस्पिटलपर्यंतच्या रस्त्यात किती खड्डे आहेत, हे सिस्टरला त्या दिवशी कळलं. प्रत्येक खड्ड्याला ती मागे कान देत राहिली. मागे काहीच ऐकू येत नव्हतं.