देवरावची वजनं

नरहरी बोकडे टेलिफोनच्या कामातला जुना माणूस. पन्नाशीला टेकल्यावर कॉम्प्युटर शिकला आणि भिलाईच्या इंडस्ट्रियल एरियात भैयालाल शेठच्या फाउंड्रीत लागला. शहाण्णवच्या मे महिन्यात तिथल्या सर्व्हरनं त्याला रडवलं.

फाटकावरच्या धरमकाट्यावर देवराव बसायचा. भंगाराचा ट्रक काट्यावर चढला की तो पर्ची फाडून वजन कॉम्प्युटरमध्ये टाकी, ते तारेवरून ऑफिसातल्या सर्व्हरमध्ये उतरे. देवराव नरहरीच्याच गावचा, लाखांदूरकडचा. त्याच्याच शब्दावर कामाला लागलेला. आता ट्रक तर आत येत होते, पण सर्व्हरमध्ये निम्म्यांचा पत्ताच नव्हता.

"भाऊ, मी तर पाठवूनच राहिलो," देवराव म्हणे. "तुमच्याकडे कावून नाई पोचत?"

नरहरीनं तार बदलली. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड काढलं, त्याचे पिवळे दात खोडरबरनं घासले, दुसऱ्या खाचेत बसवलं. मशीन बंद करून चालू केली की वजनं येत. तास-दीड तासानं पुन्हा ठप्प. चार दिवस हेच. डबा तसाच घरी परत जाई.

पाचव्या दिवशी शेठजी स्वतः येऊन उभे राहिले. मशीन नुकतीच चालू केलेली. त्यांच्या डोळ्यांदेखत चार ट्रकांची वजनं बिनबोभाट उतरली.

"काँटे की पर्ची में माल है, यहाँ नहीं है. बीच में कौन खा गया, बोकडेजी?"

नरहरीनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. दोष आहे म्हणावं तर तो दाखवता येत नव्हता. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

"मशीन तर ठीक दिसते," तो बोलून गेला.

मशीन ठीक, म्हणजे मधला माल देवरावनंच विकला, असं ठरलं. त्याच दुपारी त्याला चोर म्हणून फाटकाबाहेर काढलं. जाताना त्यानं नरहरीकडे एकदा बघितलं.

आठवड्यानं काट्यावर नवा माणूस बसला; त्याचीही वजनं गायब व्हायला लागली. तेव्हा शेठजींनी नागपूरहून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या वसुंधरा मॅडमना बोलावलं. त्यांनी मशीन उघडली आणि विचारलं, "हे फॅक्सचं कार्ड कोणी बसवलं?"

"मीच. एप्रिलच्या शेवटी."

"कॉम्प्युटरला हाक मारायला प्रत्येक कार्डाला आपला नंबर लागतो. तुम्ही दोघांना एकच दिलाय. पहिला फॅक्स आला, की नेटवर्क कार्डाची हाक कॉम्प्युटरला ऐकूच जात नाही."

त्यांनी फॅक्स कार्डावरची नखाएवढी टोपी उचलून शेजारच्या पिनांवर लावली; नंबर बदलला. दहा मिनिटांचं काम.

नरहरी तडक शेठजींकडे गेला. "देवराव निर्दोष आहे. चूक माझी."

"अब तो नया आदमी रख लिया," म्हणत शेठजींनी फोन उचलला.

सुपेल्याच्या वस्तीतल्या देवरावच्या खोलीत गयाबाई, त्याची बायको, एकटीच होती. देवराव गावाकडे, वडशाला, राइस मिलमध्ये पोती उचलायला गेला होता; इथं कोणी कामावर घेत नव्हतं. नरहरीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सांगाले आले, चांगलं केलं, भाऊ. पन गल्लीत सगळेच त्याले चोर म्हनून राहिले. आता मी कोनाकोनाले सांगू?"

तिनं पाण्याचा गिलास पुढे केला. नरहरीच्यानं तो घेववेना.