कडी आणि बिजागरी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पंचेचाळिशी ते साठीतले पुरुष, कोणीतरी बळेच दाताच्या डॉक्टरकडे आणून बसवल्यासारखे खुर्च्यांवर बसले होते. तेवढ्यात मंचावर यौवनाचार्य अवतरले. वय स्वतःच ऐंशी सांगायचे. केस काळेभोर आणि मिशी त्याहून काळी.

"बाईची पाळी जाते तेव्हा सगळ्या घराला कळतं," आचार्य म्हणाले. "पुरुषाची जाते तेव्हा त्याचं त्यालाही कळत नाही. दुपारी झोप येते? रात्री येत नाही? चष्मा डोक्यावर असतो आणि तुम्ही तो घरभर शोधता? बंधूंनो, हे वय नव्हे. ही तुमची ऋतुसमाप्ती."

सभागृहभर उसासे उमटले. डोक्यावर चष्मा असलेल्या एका बँकेतल्या साहेबाने डोळे पुसले.

नवऱ्याबरोबर आलेल्या आणि मंचाच्या कडेच्या उघड्या दाराशी उभ्या असलेल्या सुतारीणबाईला मात्र हसू आवरेना. तिची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात कोणाला ओ की ठो कळलं नव्हतं. अंगातून वाफा निघायला लागल्या की ती पंखा लावायची, आणि नवरा चादर ओढत म्हणायचा, "अगं, बंद कर, थंडी वाजते." आत्ताही तशीच वाफ आली, म्हणून ती खुर्ची सोडून वाऱ्याला येऊन उभी राहिली होती.

हसू येत असलं तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचा नवरा, सुतारमिस्त्री, दारं करायचा. निम्म्या गावाची दारं त्याच्या हातची. गेले काही महिने तो थकायचा, उगाच डाफरायचा, रात्रीतून चारदा उठायचा. त्यात पटाशी निसटून पायाच्या अंगठ्यावर पडली, ती जखम काही भरेना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, साखर वाढलेली निघाली आणि गोळ्या सुरू झाल्या. मग हे आचार्य आले आणि म्हणाले, गोळ्या बंद, थेंब सुरू. मिस्त्रीला ते पटलं. साखर काय, कोणालाही होते; ऋतुसमाप्ती कशी भारदस्त वाटते. जखमेची कड आता काळी पडत चालली होती. बायको बोलली, रडली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आज तर आचार्यांनी मिस्त्रीलाच मंचावर बोलावलं.

"उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ धरा, खाली येऊ देऊ नका. डोळे मिटा. अंतर्मुख व्हा." आचार्यांनी हात दाबला. तो लगेच खाली आला. "पाहिलंत? जोम संपला." मग त्यांनी मिस्त्रीच्या डाव्या मुठीत थेंबांची कुपी ठेवली. "आता पाहा. थेंब पोटातसुद्धा गेलेले नाहीत." पुन्हा दाबलं. आचार्यांचा चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा फुगल्या, पण हात जागचा हलला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

समोरून सगळ्यांना दिसली ती आचार्यांची रुंद रेशमी बाही. कडेला उभ्या असलेल्या सुतारीणबाईला बाहीच्या आतलंही दिसलं. पहिल्यांदा त्यांचा पंजा मनगटावर होता. दुसऱ्यांदा तो कोपराच्याही वर, खांद्याजवळ सरकला होता.

ती पदर खोचून मंचावर चढली. "महाराज, मी दाबून बघू का जरा?"

"बाई, हा पुरुषांचा विषय आहे."

"असू दे. हात माझ्याच नवऱ्याचा आहे."

लोक हसले, त्यामुळे आचार्यांना नाही म्हणता येईना. तिने कुपी काढून आचार्यांच्याच हातात दिली आणि मिस्त्रीचा दंड खांद्याजवळ धरून सगळा भार टाकला. हात हलला नाही. मग कुपी पुन्हा नवऱ्याच्या मुठीत ठेवून तिने मनगट दाबलं. हात खाली आला.

"थेंब मुठीत आणि हात खाली," ती म्हणाली. "हे कसं?"

"स्त्रीच्या स्पर्शाने थेंब निष्प्रभ होतात," आचार्य म्हणाले.

"मग बायका नकोत. आपापल्या शेजाऱ्याचा हात दाबून बघा. आधी मनगटापाशी, मग खांद्यापाशी."

पुढची पाच मिनिटं सभागृहात प्रतिष्ठित माणसं एकमेकांचे हात दाबत होती. बँकेतल्या साहेबाने तर आपल्या वरिष्ठांचा हात जरुरीपेक्षा जास्त वेळा दाबला. थेंबांवाचून सगळ्यांचाच जोम परत आला होता.

"अहो, डोळे उघडा आता," ती नवऱ्याला म्हणाली. "दाराची कडी तुम्ही बिजागरीपाशी का लावत नाही?"

"वेडी का काय? बिजागरीपाशी ढकललं तर पैलवानालाही दार हलायचं नाही. पार कडेला ढकललं, तर लहान मूलही..." मिस्त्री थांबला. त्याने आधी स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं, मग मनगटाकडे. "आयुष्यभर दारं केली," तो पुटपुटला, "आणि हा गडी मलाच दार करून गेला."

आचार्य तोवर मागच्या दाराकडे सटकले होते, आणि घाईघाईत दार बिजागरीच्या बाजूने ढकलत होते. तेही मिस्त्रीच्याच हातचं होतं. ते हललं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली. "आणखी थोडं थांबला असतात तर अंगठा गेला असता," त्या म्हणाल्या. मिस्त्रीने चाचरत विचारलं, "ते पुरुषांचं ऋतु... तसं काही असतं का हो?"

"बायकांची पाळी थांबते, तसं पुरुषांचं काही एकदम थांबत नाही. पुरुषाचं संप्रेरक वयाप्रमाणे हळूहळू उतरतं. काहींचं फारच उतरतं, ते रक्त तपासून कळतं आणि त्यावर उपचार आहेत. हात दाबून कळत नाही. तुमचा थकवा आणि रात्रीचं उठणं साखरेमुळे असणार. गोळ्या चुकवू नका."

परतताना मिस्त्रीने तिच्या कपाळावरचा घाम पाहिला. मग म्हणाला, "तुला अंगातून वाफा येतात का गं?"

"येतात की."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही पंखा बंद केलात."

हल्ली घरातला पंखा तिच्या बाजूला पूर्ण वेगात असतो आणि मिस्त्री गळ्यापर्यंत बटणं लावून रंधा मारतो. अंगठा हळूहळू भरतोय.

मंडळी, पन्नाशीतला थकवा खोटा नसतो, चिडचिडही खोटी नसते. त्याचं कारण शोधायला डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जायला लाजू नका. आणि कोणी चमत्कार दाखवताना डोळे मिटायला सांगितलं, तर ते टक्क उघडे ठेवा आणि तो नेमका कुठे दाबतोय ते बघा.